शब्दांची ओसरी : कोडें कीं सोडत?

गेल्या महिन्यांत समासांचें प्रकरण संपविलें. तेव्हां या खेपेस वाचकांना कांहीं हलकेंफुलकें द्यावें असें मनांत होतें. विषय शोधण्यास बाहेर जावें लागलें नाहीं. तो आमच्या घरांत आपल्या पायांनीं चालत आला.

आमची धाकटी सूनबाई सीवूड्स-दारावे स्टेशनावरून रोज मुंबईस कचेरीला जाते. गाडींत बसावयास जागा मिळाली कीं ती इंग्रजी वर्तमानपत्रांतलें शब्दकोडें काढते आणि वडाळा येईपर्यंत मान वर करीत नाहीं. परवां रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपल्यावर ती तें पान घेऊन माझ्यापुढें बसली आणि म्हणाली, "अप्पा, यांतलें एक वाक्य वाचून दाखवितें. उत्तर काय असेल, सांगा पाहूं." वाक्य ऐकलें. त्याचा अर्थ सरळ होता, आणि उत्तराशीं त्या अर्थाचा कांहीं एक संबंध नव्हता. तिनें एकेक शब्द सुटा करून गांठ उकलून दाखविली, तेव्हां माझ्या तोंडून निघून गेलें, "अग, ही तर आपली प्रहेलिका!" थोरल्या वहिनी पोळ्यांचा डबा हातांत धरून तशाच उभ्या राहिल्या. शब्दकोड्याचें कौतुक माझ्या तोंडून त्यांनीं इतक्या वर्षांत कधीं ऐकलें नव्हतें. त्याचें कारण पुढें येईलच. आधीं खेळ समजावून घेऊं.

शब्दकोड्याची ही चौकट वयानें फार मोठी नाहीं. ता. २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' पत्रांत आर्थर विन नांवाच्या, मूळच्या लिव्हरपूलच्या गृहस्थानें ती पहिल्यानें छापिली. आकार होता आपल्या शंकरपाळ्याचा. त्या कोड्यांत शब्दांचे सरळ अर्थ दिलेले असत. अर्थ वाचावा, प्रतिशब्द आठवावा, आडवीं-उभीं घरें भरावींत, इतकेंच काम. पुढें ही चौकट इंग्लंडांत गेली आणि तेथें तिला वांकडें बोलण्याची संवय लागली. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' पत्रांत एडवर्ड पोइस मॅथर्स हा कवि 'टॉर्केमाडा' या टोपणनांवानें गूढ कोडीं रचूं लागला, ता. १ फेब्रुवारी १९३० पासून लंडनच्या 'टाइम्स'नेंही कोडें देण्यास आरंभ केला. मौजेची गोष्ट अशी कीं, याच मॅथर्सनें १९१९ सालीं आपल्या बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चें इंग्रजींत स्वैर पद्यरूपांतर प्रसिद्ध केलें होतें.

तेव्हां सूनबाईच्या कोड्याला मीं प्रहेलिका म्हटलें तें केवळ स्वदेशाभिमानानें नव्हे. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत प्रहेलिका मोजिली आहे. बाणभट्टाच्या 'कादंबरी'मध्यें शूद्रक राजा फुरसतीच्या वेळीं ज्या खेळांत रमतो, त्यांत अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती आणि प्रहेलिका हीं नांवें आलीं आहेत. बिंदुमती म्हणजे श्लोकांतील व्यंजनें पुसून त्यांच्या जागीं नुसते बिंदु मांडावयाचे, मात्रा मात्र ठेवावयाच्या, आणि पुढच्यानें तो श्लोक भरून काढावयाचा. रिकामीं घरें भरण्याचा हा खेळ सातव्या शतकांतला आहे! दंडीनें तर 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकेचे सोळा प्रकार लावून दिले आहेत. संधीमुळें शब्द झांकला गेला तर ती 'समागता'. शब्दाचा रूढ अर्थ पुढें करून भलताच अर्थ मनांत धरला तर ती 'वंचिता'. मित्रमंडळींत करमणूक, गर्दींत गुप्त बोलणें आणि दुसऱ्याला चकविणें असे तिचे तीन उपयोगही त्यानें सांगितले आहेत. विश्वनाथानें मात्र 'साहित्यदर्पणां'त तिला अलंकारांच्या पंक्तीला बसूं दिलें नाहीं. ती रसाच्या आड येते, असें त्याचें म्हणणें. तेंही खरें. कोडें हें काव्य नव्हे. ती शब्दांची तालीम आहे. आमच्या बायकांनीं ती तालीम कधींच सोडली नाहीं. उखाणा या शब्दाचा मूळ अर्थ कोडें असाच आहे, आणि गोव्याकडे आजही कोड्याला हुमाणें म्हणतात.

आतां अशा कूटवाक्याची रचना पाहूं. चांगल्या कूटवाक्याला दोन दारें असतात. एका टोंकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. दुसऱ्या टोंकाला त्याच उत्तराचीं अक्षरें कशीं जमवावींत याची कृति असते. कोणत्याही दारानें आंत शिरलें तरी एकाच खोलींत पोंचलें पाहिजे. मधली भिंत कोठें आहे हें मात्र रचणारा सांगत नाहीं. उलट दोन्ही भाग मिळून एक साधें व्यवहारांतलें वाक्य दिसेल अशी तो योजना करितो. त्या दुपारीं सूनबाईच्या रीतीनें मीं मराठींत कांहीं वाक्यें जुळविलीं, तीं येथें देतों. कंसांतला आंकडा उत्तराच्या अक्षरांचा आहे. वाचकांनीं प्रत्येक वाक्यापाशीं क्षणभर थांबावें, मग पुढें जावें.

पहिला प्रकार श्लेषाचा. 'सरकारला द्यावा लागणारा हात (२).' वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें अंगठ्याचा ठसा येतो. पण 'सरकारला द्यावा लागणारा' हा एक अर्थ व 'हात' हा दुसरा. दोहोंना पुरणारा शब्द 'कर'. येथें दोन्ही दारें अर्थाचींच आहेत.

दुसरा प्रकार अंतर्लापिकेचा, म्हणजे उत्तर प्रश्नाच्याच पोटांत. कृष्णानें कोणाला मारलें, या संस्कृत प्रश्नांतलें 'कं' हें सर्वनाम पुढच्या 'सं' या उपसर्गाला चिकटलें कीं प्रश्नांतूनच कंस बाहेर पडतो, ही गंमत पाठशाळेंत शिकलेल्यांना ठाऊक आहे. त्याच धर्तीवर : 'एक मळकट, पोटांत मात्र फूल (३).' पहिले दोन शब्द सलग लिहा आणि कडेचीं अक्षरें झांका. मध्यें 'कमळ' उमललेलें दिसेल.

तिसरा प्रकार जोडणीचा. 'पहिल्या सुराला आंब्याचा मगज मिळाला आणि समुद्र झाला (३).' पहिला सूर 'सा', आंब्याचा मगज 'गर', मिळून 'सागर'. आमच्या सीवूड्सचें नांवही असेंच जोडणीचें आहे. एका तुकड्यांत समुद्र, दुसऱ्यांत वन. आणि खाडीकांठचीं तिवरें पाहिलीं म्हणजे दोन्ही तुकडे अगदींच खोटे वाटत नाहींत.

चौथा विलोमाचा. 'नदी उलटल्यावर लाचार (२).' वाचणाऱ्याला महापूर आठवतो. पण उलटावयाचीं तीं अक्षरें. 'नदी' उलट वाचली कीं 'दीन'.

पांचवा वर्णविपर्ययाचा, यांत अक्षरें तींच, क्रम निराळा. 'सकळ पुन्हां रचा, देवळाचा माथा होईल (३).' उत्तर 'कळस'. येथें सूनबाईनें चिरंजीवांकडे पाहून विचारलें, "मग अप्पा, नवरा विस्कटला तर वानर होईल का?" सगळे हंसले, पण प्रश्न शास्त्राचा होता, म्हणून मींही शास्त्रानेंच उत्तर दिलें. इंग्रजींत प्रत्येक घरांत एक सुटें वर्ण बसतें; देवनागरींत अक्षर आपल्या मात्रेसह बसतें. 'नवरा' यांतील काना 'र'चा आहे. तो त्याला सोडून 'व'ला जाऊन बिलगणार नाहीं. म्हणून नवऱ्याचा वानर होत नाहीं, निदान कोड्यांत तरी नाहीं. आडवा आणि उभा शब्द जेथें एकमेकांस छेदितात तेथेंही हाच नियम. 'का' आणि 'क' यांना एका घरांत राहतां येत नाहीं. मराठी चौकट रचणें अवघड जातें तें या कारणानें, आणि तिच्यांत शुद्धलेखनाची परीक्षा होते तीही याच कारणानें.

सहावा प्रकार बाणभट्टाचाच अक्षरच्युतक. 'रावणाचें शिर उडालें, राहिली जखमेची खूण (२).' 'रावण' याचें पहिलें अक्षर गाळा. माझी आठ वर्षांची नात म्हणाली, "वण? वण म्हणजे काय, आजोबा?" मीं धोतर किंचित् वर करून गुडघ्यावरची जुनी पांढरी खूण दाखविली आणि ती कोणत्या चिंचेवरून पडून झाली तेंही सांगितलें. तो शब्द ती आतां विसरणार नाहीं.

सातवा मात्राच्युतक. 'काळाची मात्रा चुकली, उरली वेदना (२).' वैद्याची मात्रा नव्हे, अक्षराची. 'काळ' यांतला काना गेला कीं 'कळ'. आठवा बिंदुच्युतक, म्हणजे केवळ अनुस्वार गाळावयाचा. चिंता आणि चिता यांत एका बिंदूचाच भेद आहे, हें सुभाषितकारांनीं आपल्याला पूर्वींच शिकविलें आहे. १९६२ सालीं शासनमान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं तर साऱ्या मराठीचेंच बिंदुच्युतक केलें. मी वडिलांच्या वळणानें लिहितों, म्हणून माझे बिंदु अजून जागेवर आहेत.

या आठही प्रकारांत एक गोष्ट समान आहे, आणि तीच या लेखाचें सार. रचणाऱ्याला फसविण्याची मुभा आहे. खोटें बोलण्याची नाहीं. तो अंगठ्याचा ठसा दाखवील, महापूर दाखवील, लंकेचें रणांगण दाखवील. पण अर्थ खरा दिलेला असतो, कृति खरी दिलेली असते, आणि एकही शब्द फुकटचा नसतो. म्हणून उत्तर सांपडलें म्हणजे कोणाला विचारण्यास जावें लागत नाहीं. दोन्ही दारें एकाच खोलींत उघडलीं हें आपलें आपल्याला दिसतें. मीमांसक ज्याला स्वतःप्रामाण्य म्हणतात, त्याची ही घरगुती आवृत्ति होय.

आतां वहिनी डबा धरून कां उभ्या राहिल्या, तें सांगतों.

माझे वडील एका कचेरींत कारकून होते आणि गिरगांवांत दोन खोल्यांत आमचें बिऱ्हाड होतें. माझ्या जन्मापूर्वींची, १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट; मला ती आईकडून कळली. त्या काळीं बक्षिसांच्या शब्दकोड्यांचें वेड पसरलें होतें. प्रवेशिकेबरोबर फी पाठवावयाची, आणि सर्व उत्तरें जुळलीं तर मोठी रक्कम मिळावयाची. दादा संस्कृताचे व्यासंगी. रात्रीं जेवण झालें कीं आपट्यांचा कोश मांडीवर घेऊन बसत. हें तर आपल्या विद्येचें काम, अशी त्यांची समजूत.

चूक नेमकी तेथें होती. त्या कोड्यांतलीं वाक्यें कशीं असत हें दाखविण्यासाठीं माझ्या मनचें एक उदाहरण देतों. 'घराण्याची खरी दौलत', दोन अक्षरें, दुसरें अक्षर 'ती' दिलेलें. शेती? नाती? नीती? तिन्ही बसतात, आणि तिन्हींच्या बाजूनें व्याख्यान देतां येईल. येथें अर्थाचें दार आहे, पण कृतीचें दारच नाहीं. खरें उत्तर कोणतें? तर जें आधींच लखोट्यांत बंद करून ठेविलें आहे तें. अशीं बारा वाक्यें घ्या आणि प्रत्येकाला दोनच पर्याय धरा. सगळे मेळ धरावयाचे तर ४०९६ प्रवेशिका भराव्या लागतील. विद्वानाची एक प्रवेशिका त्या ४०९६ पैकीं एक, आणि अडाण्याचीही एकच.

उत्तरें प्रसिद्ध झालीं कीं दादा कोश उघडून आपलें उत्तर अधिक योग्य कसें होतें हें आईला पटवून देत. तें बहुधा अधिक योग्य असेही. पण लखोट्यांत दुसरें असे. आईच्या पाटल्या आधीं गहाण पडल्या, मग विकल्या गेल्या. पुढें मामांच्या घरीं मुंज होती. पंगतींत आई वाढावयास आली तेव्हां तिच्या हातांत नुसत्या कांचेच्या बांगड्या दादांना दिसल्या. ते कांहीं बोलले नाहींत. घरीं येऊन त्यांनीं कोश फडक्यांत बांधून फळीवर ठेविला. हातउसने घेतलेले पैसे फेडण्यास त्यांना चार वर्षें लागलीं. पाटल्या परत आल्या नाहींत, पण कोणाचें देणेंही राहिलें नाहीं. तेव्हांपासून आमच्या घरांत कोडें हा शब्द कोणीं काढीत नसे.

हा प्रश्न पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बंगलोरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' पत्राच्या शब्दकोड्यांचा तो खटला. दादांची स्पर्धा ती नव्हे. मुंबई राज्याचा १९४८ चा कायदा अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवीत होता, आणि संसदेनें १९५५ सालीं निराळा कायदा करून महिन्याला १००० रुपयांवर बक्षिसें देणाऱ्या अशा स्पर्धांना बंदी घातली होती. ता. ९ एप्रिल १९५७ रोजीं सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या न्यायपीठानें निकाल दिला. उत्तर योग्य आहे कीं नाहीं यावर नव्हे, तर लखोट्यांतल्या उत्तराशीं जुळतें कीं नाहीं यावर जेथें बक्षीस मिळतें, तो जुगार. व जुगार हा व्यापार म्हणून संरक्षण मागूं शकत नाहीं. त्या निकालांत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील जुगाऱ्याच्या सूक्ताचाही आधार घेतला आहे. त्याच दिवशींच्या दुसऱ्या निकालांत न्यायालयानें हेंही स्पष्ट केलें कीं, १९५५ चा कायदा जुगारी स्पर्धांपुरता आहे; जेथें यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतें तेथें तो लागत नाहीं.

कौशल्याची ओळख सोपी आहे : तें दुसऱ्यांदाही येतें. जानेवारी १९४२ मध्यें लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'नें वाचकांना आपल्या कचेरींत बोलावून बारा मिनिटांत कोडें सोडविण्याची परीक्षा घेतली. पुढें त्यांतल्या कांहींना युद्धखात्याचीं पत्रें गेलीं आणि शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या ब्लेचली पार्कच्या कामावर त्यांना घेण्यात आलें. सोडत जिंकणाऱ्याला असें काम कोणीं दिलें असतें काय?

आमच्या नव्या मुंबईंत सोडत म्हटली कीं सिडकोच्या घरांची आठवते. तींत अर्ज करणाराला ठाऊक असतें कीं नांव निघणें दैवाधीन आहे. सोडतीनें सोडत म्हणवून घेतलें तर त्यांत लबाडी नाहीं. पण सोडतीनें कोड्याचें सोंग घेतलें म्हणजे ती विद्येच्याच माणसाला आधीं गिळते. कारण त्याचाच आपल्या विद्येवर भरवसा असतो.

माझी चूक याच्या उलट झाली. दादांना जुगारांत कोडें दिसलें. मला प्रत्येक कोड्यांत जुगार दिसूं लागला. मॅट्रिक होऊन पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि पस्तीस वर्षें शिक्षकी केली. पण वर्गांत एकही कोडें घातलें नाहीं. मुलांकडून रूपें घोकून घेतलीं. अक्षरच्युतक आणि बिंदुमती यांच्या व्याख्या लिहून दिल्या, खेळ कधीं मांडला नाहीं. किती मुलें शब्दांची गोडी न लागतांच माझ्या हाताखालून निघून गेलीं असतील, हा विचार त्या रविवारीं नात 'वण' शब्द घोळवीत हिंडत होती तेव्हां प्रथम मनांत आला आणि बोंचला.

संध्याकाळीं मीं दादांचा कोश फळीवरून काढला. फडकें तेंच होतें. आतां दर रविवारीं जेवणानंतर आमच्याकडे एक कूटवाक्य घालावयाचें ठरलें आहे. बक्षीस कांहीं नाहीं, फी तर नाहींच. नियम दोनच : अर्थ खरा पाहिजे, कृति खरी पाहिजे. वाचकांनींही आपापल्या घरीं हा प्रयोग करून पाहावा. आजोबा-आजींजवळ शब्द आहेत, मुलांजवळ चपळाई आहे. दोहोंची गांठ घालून देणारा इतका स्वस्त खेळ मला दुसरा ठाऊक नाहीं.

जातां जातां एक वाक्य. हें मीं दादांना स्मरून रचलें आहे. वर दिलेल्या आठ प्रकारांतच त्याची किल्ली आहे आणि उत्तर पुढील अंकीं देईन; पण बहुतेकांना त्याची वाट पाहावी लागणार नाहीं, अशी खात्री आहे.

'पंतांनीं थेंब सोडला, अब्रू राहिली (२).'